डोकं गोळ्यांमुळेच दुखतंय, हे ओळखतात कसं? (आईसाठी विचारतेय)

रेवा_सांगली
नमस्कार मंडळी. आईबद्दल विचारायचंय. वय ५४, आमच्याजवळच राहते. तिला लग्नाच्या आधीपासून अर्धशिशी. पूर्वी दोन-तीन महिन्यांतून एकदा उठायची. खिडक्या लावून, डोक्याला घट्ट फडकं बांधून पडायची, उलटी झाली की मोकळी व्हायची. आता तसं राहिलं नाही. गेलं वर्षभर जवळजवळ रोजच डोकं जड असतं. सकाळी उठतानाच ठणकत असतं, गोळी घेतली की थोडे तास बरं वाटतं, दुपार कलली की पुन्हा सुरू.

सगळं करून झालं. चष्म्याचा नंबर बदलला, सायनसचा एक्स-रे काढला, मानेचा काढला, पित्तासाठी मोरावळा आणि गोळ्या दोन्ही झालं. शेवटी मिरजेत मेंदूविकारतज्ज्ञांना दाखवलं. त्यांनी बराच वेळ नुसते प्रश्न विचारले, यंत्रातून डोळ्यांच्या आत पाहिलं, हातोडीनं गुडघे तपासले आणि म्हणाले, "मूळची अर्धशिशी आहेच, पण आत्ताची रोजची डोकेदुखी गोळ्यांची आहे. गोळ्या बंद करायच्या." स्कॅन लिहूनच दिला नाही.

आईला हे अजिबात पटलेलं नाही. "त्या गोळ्यांवरच तर मी उभी आहे," म्हणते. दादा म्हणतो, एमआरआय न करता कळलं कसं? मीही गोंधळलेय. नुसतं विचारून असं निदान होतं का? कुणाच्या घरी झालंय का?

एसटीवाला_विटा
वाचतोय ताई. आमच्या डेपोत तिकिटाचं यंत्र एकवेळ विसरेल माणूस, पण खिशातली स्ट्रिप विसरणार नाही. चांगला विषय काढलात.

वारणाकाठ
स्पष्ट बोलतो, राग मानू नका. एकदा एमआरआय करून टाका. पैसे जातील पण मनाला घोर राहणार नाही. आमच्याकडं लई जणांचं बघितलंय, "काही नाही, काही नाही" म्हणतात आणि नंतर भलतंच निघतं. डॉक्टरांनी नुसतं तोंडी विचारून सांगितलेलं मला तरी पटत नाही.

हळदकुंकू
वारणाकाठ यांच्याशी सहमत. शिवाय रेवा, नाकाचं हाड बघितलंय का? माझ्या जावेचं तेच निघालं होतं.

कऱ्हाडची_डॉक्टर
रेवा, मी फिजिशियन आहे. तुमच्या आईंना मी तपासलेलं नाही, त्यामुळे सर्वसाधारण सांगते. हो, हे निदान विचारूनच होतं. रक्तात, एक्स-रेत किंवा एमआरआयमध्ये ही डोकेदुखी दिसतच नाही. एमआरआय करायचा तो दुसरं काही नाही ना, हे पाहायला.

आंतरराष्ट्रीय डोकेदुखी संघटनेनं २०१८ साली वर्गीकरणाची तिसरी आवृत्ती काढली, त्यात निकष साधे आहेत. माणसाला आधीपासून डोकेदुखीचा आजार हवा, बहुतेकदा अर्धशिशी किंवा ताणाची डोकेदुखी. महिन्यात १५ किंवा जास्त दिवस डोकं दुखत असावं. आणि तीन महिन्यांहून अधिक काळ वेदनाशामकांचा अतिवापर चाललेला असावा. अतिवापर म्हणजे काय तेही ठरलेलं आहे. साधं पॅरासिटामॉल, आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक, अ‍ॅस्पिरिन यांपैकी काही महिन्यात १५ दिवस किंवा जास्त. आणि मिश्र गोळ्या, अर्गोटामिनच्या गोळ्या, अर्धशिशीच्या ट्रिप्टान गोळ्या किंवा अफूवर्गातली औषधं असतील तर १० दिवसच पुरतात. दुसऱ्या आजारानं याचा उलगडा जास्त चांगला होत नाही ना, एवढं पाहायचं.

तुमच्या आईंच्या डॉक्टरांनी यंत्रातून डोळ्यांच्या आत पाहिलं ते उगाच नाही. मेंदूतला दाब वाढला असेल तर तिथल्या नसेला सूज दिसते. हातोडी, चालणं, हाताची ताकद, बोलणं, हे सगळं त्याच हेतूनं. ही तपासणी नीट झाली आणि त्यात काही दोष दिसला नाही, तर प्रत्येकाला स्कॅनमध्ये घालायची गरज नसते.

वारणाकाठ, तुमची काळजी रास्त आहे. अचानक वीज कोसळावी तशी सुरू झालेली डोकेदुखी, ताप आणि मान आखडणं, एका बाजूची ताकद जाणं, फिट येणं, खोकताना किंवा वाकताना वाढणारं दुखणं, आधी कर्करोग झालेला असणं, गरोदरपण, पन्नाशीनंतर पहिल्यांदाच सुरू झालेलं दुखणं. यातलं काही असेल तर मी स्वतः तपासण्यांचा आग्रह धरते. रेवा, आईंचं वय पन्नाशीच्या पुढं आहे आणि दुखण्याची तऱ्हा बदललीय, म्हणून ईएसआर (अंगात कुठं सूज आहे का हे सुचवणारी रक्ताची तपासणी) आणि रक्तदाब पाहिलाय का, एवढं विचारून घ्या.

तासगावचा_बागायतदार
डॉक्टर, मला एक कळंना. माझ्या आईला संधिवात. गेली कैक वर्षं रोज दुखण्याची गोळी खाते, डोकं दुखतंय असं तिच्या तोंडून कधी ऐकलं नाही. गोळीनं डोकं दुखत असतं तर तिचं फुटायला पाहिजे होतं की. मग हे खरं कसं मानायचं?

आणि दुसरं, द्राक्षाला फवारणी झाली की माझं डोकं धरतं. मी पण गोळी टाकतो अन् झोपतो. ते कशात बसतं?

औषधवाला
माझं सांगलीत औषधांचं दुकान आहे. काउंटरच्या या बाजूनं दिसतं ते सांगतो.

रोजचं गिऱ्हाईक स्ट्रिप मागत नाही, चार मागतं. आम्ही कात्रीनं कापून देतो. त्यात नाव अर्धं जातं, पाठीमागचा औषधांचा तपशील तर जातोच. घरी गेल्यावर त्या बाईंना विचारा, काय घेताय? "ती पिवळी" किंवा "डोक्याची". आत काय आहे ते माहीत नसतं. आणि निदानात तर तेच महत्त्वाचं, कारण डॉक्टरताईंनी सांगितलेले १० आणि १५ दिवस त्यावरच ठरतात. दुकानात मिळणाऱ्या डोकेदुखीच्या बऱ्याच गोळ्या एकट्या औषधाच्या नसतात. पॅरासिटामॉल, दुसरं एखादं वेदनाशामक आणि वर कॅफिन, असं मिश्रण असतं. अर्धशिशीच्या काही जुन्या गोळ्यांत अर्गोटामिन, कॅफिन, पॅरासिटामॉल आणि उलटीचं औषध एकत्र असतं. अर्गोटामिन रक्तवाहिन्या आवळतं. फार झालं तर बोटं बधिर होतात, गार पडतात. रेवाताई, आईच्या बोटांना मुंग्या येतात का, हे जरूर विचारा.

गोष्ट नवी नाही. १९५१ साली अमेरिकेत पीटर्स आणि हॉर्टन या डॉक्टरांनी अर्गोटामिन जास्त घेणाऱ्यांचं डोकं त्यामुळंच दुखत राहतं, असं लिहून ठेवलंय. त्याच सुमारास स्वित्झर्लंडमध्ये घड्याळांच्या कारखान्यांतले कामगार फेनॅसिटिन हे जुनं वेदनाशामक असलेल्या गोळ्या रोज खायचे. डोकं थांबेना, आणि मूत्रपिंडं गेली ती वेगळीच. फेनॅसिटिन पुढं देशोदेशी बंद झालं.

एक विनंती. घरातले सगळे कापलेले तुकडे एका पिशवीत घालून डॉक्टरांकडं न्या. तुकडा ओळखू येत नसेल तर ज्या दुकानातून घेतला तिथं दाखवा, दुकानदार सांगेल.

कऱ्हाडची_डॉक्टर
तासगावचे दादा, प्रश्न एकदम योग्य. ज्याला मुळात डोकेदुखीची प्रवृत्ती नाही, त्यानं सांध्यासाठी रोज गोळ्या घेतल्या तरी ही डोकेदुखी सहसा होत नाही. तुमच्या आईंसारखी पुष्कळ माणसं आहेत. पण अर्धशिशीवालं माणूस कंबरेसाठी रोज गोळी घेऊ लागलं, तर त्याची अर्धशिशी रोजची होऊ शकते. म्हणून निदानात "आधी कशी दुखायची?" हा प्रश्न पहिला. रेवानं वर आईंचं पूर्वीचं दुखणं लिहिलंय ना, फडकं बांधून पडणं, उलटीनंतर मोकळं होणं, ते वाचूनच मला निम्मी दिशा मिळाली. मात्र तुमच्या आईंचं क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची रक्ततपासणी) आणि रक्तदाब तपासत चला. रोजच्या वेदनाशामकानं डोकं नाही दुखलं तरी मूत्रपिंडावर भार येऊ शकतो.

फवारणीचं मात्र इथल्या विषयात मुळीच बसत नाही, आणि गोळी टाकून झोपणं धोक्याचं आहे. फवारणीतली ऑर्गनोफॉस्फेट जातीची कीटकनाशकं कातडीतून आणि श्वासातून अंगात जातात. डोकेदुखीबरोबर घाम, तोंडाला पाणी सुटणं, अंधूक दिसणं, मळमळ, छातीत घुसमट असं काही आलं की कपडे बदलायचे, साबणानं अंग धुवायचं आणि औषधाचा डबा बरोबर घेऊन थेट दवाखाना गाठायचा. हातमोजे, मास्क वापरता का?

तासगावचा_बागायतदार
रुमाल बांधतो. बरं, बघतो आता. धन्यवाद डॉक्टर.

चहाटळ_सातारकर
मिश्र गोळीत कॅफिन म्हणालात. मग चहाचं काय? राजवाड्यावर संध्याकाळी एक, सकाळी घरी दोन, ऑफिसात मोजत नाही. चहा बंद करायला सांगणार असाल तर आधी कल्पना द्या, बायकोला सोबत बसवून वाचतो.

औषधवाला
बंद नको, पण मोजा. रोज २०० मिलिग्रॅमच्या वर कॅफिन दोन आठवडे घेणाऱ्यानं ते एकदम तोडलं तर २४ तासांत डोकं दुखायला लागतं, हाही मान्यताप्राप्त प्रकार आहे. चतुर्थीचा निर्जळी उपवास केला की दुपारी डोकं धरतं, त्यात उपाशीपणा असतो तसा चहा चुकल्याचाही वाटा असतो. मग लोक कॅफिनवालीच गोळी घेतात, बरं वाटतं, आणि गोळीवर विश्वास बसतो.

सुमनमावशी
साताऱ्याहून लिहितेय. रेवा, तुझी आई आणि मी एकाच वाटेवरच्या, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

शाळेत शिकवायचे. अर्धशिशी आईकडून आलेली. परीक्षांचे पेपर तपासायचे दिवस आले की गोळी आधीच घेऊन बसायचे, दुखेल म्हणून. हे फार जणी करतात बघ, दुखायच्या आधीच घेणं. पुढं पुढं पहाटे चारलाच डोक्यानं जाग यायची. रात्रीच्या गोळीचा असर पहाटे उतरतो, म्हणून सकाळी उठतानाच दुखतं, हे डॉक्टरांनी समजावलं तेव्हा मला पटलं. तुझ्या आईचं सकाळचं दुखणं वाचून मला तेच आठवलं.

बंद केल्यावर काय होतं ते आईला आधीच नीट सांग, नाहीतर तिसऱ्या दिवशी ती डब्याकडं जाणार. पहिल्या दोन दिवसांत दुखणं दुप्पट झालं. मळमळ, घाम, झोप नाही, कुणी बोललं तरी चिडचिड. आठवडाभर तरी असंच. यजमानांनी स्वयंपाकघर हातात घेतलं, पिठलं-भात एके पिठलं-भात, पण मला ताटावर बसवायचे. डॉक्टरांनी उलटीचं औषध दिलं होतं आणि रात्री अ‍ॅमिट्रिप्टिलिनची अगदी लहान गोळी. तिनं तोंड कोरडं पडायचं, पण झोप लागली. दुसऱ्या आठवड्यात एका सकाळी उठले आणि डोकं दुखत नव्हतं. मी पुष्कळ वेळ हलले नाही, हललं तर सुरू होईल म्हणून.

अर्धशिशी गेली नाही. ती पूर्वीसारखी अधूनमधून येते. पण मधले दिवस माझे मला परत मिळाले.

वारणाकाठ
मावशी, वाचून वाईट वाटलं आणि बरंही. आता सरळ विचारतो, किती गोळ्या म्हणजे जास्त? माझी मिसेस आठवड्यातून दोनदा घेते. कधी एका दिवसात तीन होतात.

कऱ्हाडची_डॉक्टर
गोळ्या नाही मोजायच्या, दिवस मोजायचे. एका दिवसात तीन घेतल्या तरी तो एकच दिवस. आणि गोळी गुडघ्यासाठी घेतली असली तरी तो दिवस धरायचा. आठवड्याला दोन दिवस म्हणजे महिन्याला आठ-नऊ. मिश्र गोळी असेल तर त्या काठावर आहेत. वेगवेगळ्या गोळ्या आलटून पालटून घेणारे म्हणतात, "एकही फार नाही." सगळ्या मिळून महिन्यात १० दिवस होत असतील तरी तो अतिवापरच.

अजिंक्यतारा_पायथा
एक भर घालतो. "बंदच करा" यावर डॉक्टरांमध्येही एकमत नाही. डेन्मार्कमध्ये २०२० साली १२० रुग्णांवर झालेल्या अभ्यासात, वेदनाशामक बंद करून त्याच वेळी प्रतिबंधक औषध (झटके कमी यावेत म्हणून रोज घ्यायचं) सुरू करण्याची पद्धत सर्वांत चांगली वाटली. अमेरिकेत २०२२ साली ७२० जणांवर अभ्यास झाला. सगळ्यांना प्रतिबंधक औषध दिलं, निम्म्यांची अतिवापराची गोळी बदलून तिच्यावर मर्यादा घातली, निम्म्यांना तीच गोळी चालू ठेवू दिली. दोन्ही गटांत फायदा जवळपास सारखाच. तेव्हा रेवा, आई एकदम सोडायला तयार नसेल तर दुसरीही वाट आहे, डॉक्टरांशी बोला. प्रतिबंधक औषध दोन्हींत होतं, हे विसरू नका.

कऱ्हाडची_डॉक्टर
बरोबर. त्याला जोडून इशारा: गोळ्यांत ट्रॅमाडॉल, कोडीन अशी अफूवर्गातली किंवा झोपेची औषधं असतील तर घरच्या घरी एकदम तोडायची नाहीत. ती डॉक्टरांच्या नजरेखाली टप्प्याटप्प्यानं उतरवतात. ट्रॅमाडॉल २०१८ पासून अमली पदार्थांच्या कायद्याखाली आहे, तरी जुन्या चिठ्ठ्यांवर घरात पडून असतं. प्रतिबंधक औषधही माणूस पाहून ठरतं. दमा असेल तर प्रोप्रॅनोलॉल नको, मूल होण्याच्या वयात व्हॅल्प्रोएट नको.

हळदकुंकू
सगळं पटलं, पण एक अनुभव विरुद्ध बाजूनं सांगायलाच हवा. माझे सासरे सत्तरीचे. कानशिलाजवळ दुखायचं, रोज गोळ्या घ्यायचे. आम्ही सगळे म्हणालो, गोळ्यांची सवय लागलीय. भाकरी चावताना जबडा दुखून मध्येच थांबायचे, केस विंचरताना डोक्याला हात लावू द्यायचे नाहीत. मग एका डोळ्यासमोर अंधारी आली. ईएसआर खूप वाढलेला निघाला, कानशिलाच्या रक्तवाहिनीला सूज होती. त्याच दिवशी स्टिरॉइड सुरू केलं, म्हणून दृष्टी वाचली. वय झालेलं माणूस रोज गोळी खातंय म्हणजे गोळीचीच डोकेदुखी, असं धरून चालू नका.

वारणाकाठ
हेच मी म्हणत होतो.

कऱ्हाडची_डॉक्टर
आणि याचसाठी ईएसआर विचारायला सांगितलं. हळदकुंकू, चावताना जबडा दुखणं ही फार मोलाची खूण लिहिलीत. पन्नाशीपुढच्या कुणातही हे दिसलं तर थांबू नका.

रेवा_सांगली
सगळ्यांचे आभार. चार दिवस लिहिता आलं नाही, कारण औषधवाला दादांनी सांगितलं तसं घर धुंडाळत होते.

आईचा औषधांचा डबा म्हणजे जुना बिस्किटांचा पत्र्याचा डबा. ओट्यावर उपडा केला. कापलेले चंदेरी तुकडे, एकाचं नाव "...डॉल प्ल..." एवढंच, दुसऱ्याचं नुसतं "एक्स्ट्रा". देव्हाऱ्याच्या खणात आणखी, पर्सच्या आतल्या कप्प्यात, शिवणाच्या पेटीत सुद्धा. दादा माझ्याबरोबर जमिनीवर बसून जुळवत होता. दुकानात दाखवलं. चार प्रकार निघाले. दोन कॅफिनवाली मिश्रणं, एक अर्गोटामिनची, एक डायक्लोफेनॅक, ती गुडघ्यासाठी दिलेली. बोटांना मुंग्या येतात का विचारलं, तर म्हणाली, "थंडीत येतात, त्यात काय." ते लगेच फोन करून डॉक्टरांना कळवलं, अर्गोटामिन त्यांनी त्याच दिवशी थांबवायला सांगितलं आणि दुसऱ्या दिवशी बोलावून नाडी, रक्तदाब पाहिला. ईएसआर, क्रिएटिनिन केलं, दोन्ही ठीक आहेत.

आणि कालनिर्णय. आई त्यावर दुधाचा हिशेब लिहिते, तारखेच्या चौकोनात कोपऱ्यात. डोकं फार दुखलं की तिथंच बारीक "डो" लिहायची सवय, हे मला माहीतच नव्हतं. दादानं पानं मागं उलटत नेली. गेल्या दिवाळीच्या आसपास आठवड्याला एखादा "डो". मग दाट होत गेलेत. हल्लीच्या पानांवर मोकळा चौकोन शोधावा लागतो. दादा गप्प झाला. एमआरआयचं पुन्हा बोलला नाही.

आई तयार झालीय, पण तिचा एक प्रश्न आहे आणि मला उत्तर देता आलं नाही. डॉक्टरांनी प्रतिबंधक म्हणून प्रोप्रॅनोलॉल रोज घ्यायला दिलंय. "म्हणजे रोजची ती गोळी वाईट आणि रोजची ही चांगली, हे कसं?" शिवाय खरंच हेच कारण होतं, हे शेवटी कळणार कधी?

औषधवाला
ताई, प्रोप्रॅनोलॉल वेदनाशामक नाही. दुखणं सुरू झाल्यावर ते घेऊन उपयोगही नाही. झटके कमी यावेत म्हणून ते रोज ठरल्या वेळी घ्यायचं, आणि मनानं एकदम बंद करायचं नाही. मोजणीत त्याचे दिवस धरायचे नाहीत. आईंना दमा नाही ना, एवढं डॉक्टरांना सांगितलंय का?

रेवा_सांगली
दमा नाही. विचारलं होतं त्यांनी.

कऱ्हाडची_डॉक्टर
दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर: पूर्वीच्या निकषांत, गोळ्या बंद केल्यावर दोन महिन्यांत दुखणं ओसरलं किंवा मूळ पदावर आलं तरच निदान पक्कं धरायचे. आता निदानासाठी तेवढं थांबावं लागत नाही, उपचार आधीच सुरू करता येतात. तरी मी स्वतः दोन महिन्यांनी पाहतेच. तुमच्याकडं तर कालनिर्णय आहे. "डो" लिहायची सवय मोडू देऊ नका, फक्त गोळी घेतली त्या दिवशी बाजूला वेगळी खूण करायला सांगा. पुढच्या भेटीला ती पानं फाडून न्या. झटक्यासाठी कोणती गोळी आणि आठवड्याला जास्तीत जास्त किती दिवस, हे त्यांच्याकडून लिहूनच घ्या. सहसा दोन दिवसांच्या वर जाऊ देत नाहीत. आणि सुटले नाहीत "डो", तर तेव्हा पुन्हा तपासणी, त्यात स्कॅनही आला.

वारणाकाठ
हे पटलं. मिसेसला पण कॅलेंडर दिलंय.

सुमनमावशी
रेवा, आईला माझा नंबर दे, तुला व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलाय. तिसऱ्या-चौथ्या दिवशी रात्री कितीही वाजता फोन केला तरी चालेल. मला झोप उशिराच लागते.